कझाकस्तानची रंगीत तालीम

प्रवासामुळे नियोजनाचं अपरिमित नुकसान होतं, ही गोष्ट आपल्या समाजाला अजून नीटशी उमगलेली नाही. महिनोन्‌महिने खपून, चर्चा करून, जुने मतभेद मिटवून (आणि नवे काढून) एखाद्या सहलीचा आराखडा उभा करावा, आणि मग कुणीतरी उठून गाडीत बसावं, की संपलं. गाडी सुटल्यावर आराखड्याला कुणी विचारत नाही. लोक खिडकीबाहेर बघत बसतात.

नागपूरच्या आमच्या गोदावरी ले-आउट वसाहतीत ही चूक सहसा होत नाही. आमच्या समितीने आजवर अंदमान, भूतान आणि लडाख अशा तीन सहलींचं नियोजन यशस्वीरीत्या पार पाडलं असून त्यांपैकी एकाही सहलीत कुणाचं सामान हरवलं नाही, कुणाचं पोट बिघडलं नाही की कुणाला विमानतळावर ताटकळावं लागलं नाही. (यांपैकी एकाही सहलीला कुणी गेलं नाही, हे त्यामागचं प्रमुख कारण.) अंदमानचं नियोजन इतकं सखोल झालं की शेवटी समुद्र पाहायची कुणाला गरज उरली नाही. भूतानच्या वेळी खिडकीजवळ कोण बसणार यावरून दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं, ते इथेच, सतरंजीवर. त्यासाठी परक्या देशात जावं लागलं नाही. समितीच्या अंतर्गत पाहणीनुसार सहलीहून परतलेल्या दर शंभर माणसांपैकी नव्वद थकलेली असतात. उलट सहलीचं फक्त नियोजन केलेली शंभरच्या शंभर माणसं दुपारी आपापल्या घरी शांत झोपलेली आढळली.

समितीचे अध्यक्ष श्रीधरराव. भूमी अभिलेख खात्यात उभी हयात जमिनी मोजण्यात गेली. मोजलेली नाही अशी जागा दिसली की त्यांना अस्वस्थ वाटतं. उपाध्यक्ष ओमप्रकाशजी. यांचं जरीपटक्याला कापडाचं दुकान आहे आणि दुकानाचा कंटाळा आला की ते शहराबाहेर शेतं घेऊन त्यांचे प्लॉट पाडतात. भोजन विभाग त्यांच्या सौभाग्यवती देवकीताईंकडे. सचिव मी. सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत टिपणी लिहिता लिहिता निवृत्त झालो, त्यामुळे कोणत्याही विषयाला ‘तूर्तास’ हा शब्द कुठे लावायचा हे मला कळतं. असो.

कझाकस्तानचा विषय मात्र समितीने काढलेला नव्हता. तो अरुंधतीवहिनींच्या गुडघ्यातून निघाला.

अरुंधतीवहिनी म्हणजे श्रीधररावांच्या पत्नी. कॉलेजात असताना त्या एनसीसीत घोडेस्वारी शिकल्या होत्या. लग्नानंतर घोड्याचा संबंध उरला नाही. घर ले-आउटमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत, बैठकीच्या खिडकीसमोर दुसऱ्या शेजाऱ्यांची. त्यांच्याकडे हात खिडकीबाहेर काढला की कुणाच्या तरी पाइपला लागतो. यंदाच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्यांचा उजवा गुडघा बदलायला सांगितला. पोळा झाला की ऑपरेशन, असं ठरलं. वहिनींनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, की नव्या गुडघ्याने घोड्यावर बसता येईल का. डॉक्टरांना वाटलं, बाई विनोद करताहेत. मग ते म्हणाले, की नव्या गुडघ्यावर घोडा विसरा; आत्ता बसलात तर दुखेल, पण बसता येईल.

त्या संध्याकाळी वहिनींनी सांगितलं, की गुडघा बदलायच्या आत मला एकदा घोड्यावर बसायचं आहे, आणि अशा ठिकाणी, जिथे चारही बाजूंना नजरेला काही अडणार नाही. मागणी एवढीच होती. पुण्याला राहणारी त्यांची मुलगी गार्गी फोनवर म्हणाली, “आई, कझाकस्तानला जा. गवताळ मैदानं आहेत, डोंगर आहेत, घोडे आहेत. तिकीट काढायचं आणि जायचं.”

ही आजची पिढी. ‘तिकीट काढायचं आणि जायचं’ हे वाक्य मी इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदवलं आहे, पुढच्यांना इशारा म्हणून.

श्रीधररावांनी तातडीने समितीची बैठक बोलावली आणि समितीचं नाव बदलून ‘मध्य आशिया सहल पूर्वनियोजन व समन्वय समिती’ असं केलं. (नावाला दोन बैठका लागल्या. ‘पूर्वनियोजन’ की ‘नियोजनपूर्व’ यावर मतं विभागली गेली होती.) सर्वांचे पासपोर्ट काढून घेण्यात आले आणि सुरक्षिततेसाठी माझ्या लोखंडी कपाटात ठेवण्यात आले. अंदमानला पासपोर्ट लागत नसल्यामुळे हे कपाट आजवर रिकामं होतं. मला समाधान वाटलं.

मग समितीवर पहिला आघात झाला. भारतीयांना थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी त्या देशाचा व्हिसा लागत नाही, असं कळलं. व्हिसा नाही म्हणजे अर्ज नाही, फोटो नाही, दिल्लीला फेऱ्या नाहीत, नकार नाही. मग नियोजन करायचं कशाचं? देवकीताईंनी चहा फिरवला, तो कुणी घेतला नाही. अखेर मी मार्ग सुचवला, की त्या देशाला आपल्याला आत घ्यायला हरकत नसली, तरी आपल्याला बाहेर सोडायला समितीची हरकत असू शकते. त्यानुसार प्रत्येक सभासदाने समितीकडे ‘अंतर्गत अनुमती’साठी अर्ज करावा असं ठरलं. छाननीसाठी उपसमिती नेमली. अध्यक्षांचा स्वतःचा अर्ज फोटो जुना असल्याने परत गेला. सगळ्यांना हायसं वाटलं.

दुसरा आघात देशाचा नकाशा उघडल्यावर झाला. हा देश भारतापेक्षा थोडाच लहान, आणि माणसं महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढीही नाहीत. मध्ये नुसतं गवत. दक्षिणेला आणि पूर्वेला बर्फाचे डोंगर, बाकी गवत. ओमप्रकाशजींनी चष्मा पुसून नकाशा पुन्हा पाहिला. “इतकी जागा खाली ठेवून ते लोक करून का राहिले?” असं त्यांनी विचारलं. शेवटी त्यांनीच स्वतःची समजूत घातली, की अकृषक परवानगी अडकली असेल.

श्रीधररावांची अवस्था वेगळी होती. त्या मैदानात ना बांध, ना गट क्रमांक, ना खुणेचा दगड. आपण कुठे उभे आहोत हे सभासदाला कळणार कसं? त्यांनी मोठा कागद घेऊन सबंध गवताळ प्रदेशाचे चौकोन पाडले, त्यांना क्रमांक दिले, रस्त्यासाठी जागा सोडली आणि कोपऱ्यात बगिच्यासाठी राखीव भूखंड दाखवला. ओमप्रकाशजींनी तीन कॉर्नरचे प्लॉट तिथल्या तिथे निवडून ठेवले. वहिनी चहाचे कप न्यायला आल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, की यात मोकळं कुठे आहे. श्रीधररावांनी त्यांना राखीव भूखंड दाखवला.

इथून पुढे पूर्वतयारीने वेग घेतला. नोंदी लांबलचक आहेत, त्यांतल्या निवडक देतो.

थंडीचा सराव: डोंगरात बर्फ असल्यामुळे सभासदांना थंडीची सवय व्हावी, म्हणून सर्वांनी दुपारी श्रीधररावांच्या बैठकीच्या खोलीत स्वेटर, मफलर, कानटोपी घालून कूलरसमोर बसावं असं ठरलं. महिना एप्रिल, ठिकाण नागपूर, पारा सवयीप्रमाणे वर. कूलरच्या पुढ्यातल्या सभासदांना सर्दी झाली आणि मागच्या रांगेतल्यांना उन्हाचा त्रास. थंडी आणि उष्मा दोन्हींचा अनुभव एकाच खोलीत मिळाल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं.

वेळेचा सराव: तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहेत. शरीराला सवय लागावी म्हणून सर्व बैठका अर्ध्या तासाने उशिरा सुरू कराव्यात असा ठराव आला. चर्चेअंती लक्षात आलं, की समितीची प्रत्येक बैठक स्थापनेपासून अर्धा तास उशिराच सुरू होत आली आहे. म्हणजे आम्ही इतकी वर्षं तिथल्या अल्माटी शहराच्या वेळेने जगत होतो. ठराव ‘आगाऊ अंमलबजावणी झाली’ असा शेरा मारून निकाली काढला.

आहाराचा सराव: त्या देशात घोडीच्या दुधाचं पेय पितात आणि घोड्याचं मांस खातात असं कळल्यावर भोजन विभागाने पाटवडी, शेव, भाजणी, लोणचं आणि गोळाभाताचं साहित्य एवढं सोबत न्यायचं ठरवलं, की वजनाच्या मर्यादेत कपडे बसेनात. कपडे तिथे मिळतील, असं ठरलं.

या सगळ्यात वहिनी प्रत्येक बैठकीच्या शेवटी “निघायचं कधी?” असं विचारत. प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे त्याची नोंद घेता येत नव्हती. गवत हिरवं असतं मे-जूनमध्ये, आणि पोळ्यानंतर ऑपरेशन, हे त्यांनी निदान दोनदा तरी समजावून सांगितलं. श्रीधरराव म्हणाले, की घाईघाईने अनोळखी देशात जाणं बरं नव्हे, आधी एक रंगीत तालीम घेऊ. ते मनापासून बोलत होते. वहिनींचं भलं व्हावं असं त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त वाटत होतं, त्यात शंका नाही.

तालमीसाठी मौदा रस्त्यावरची ओमप्रकाशजींची नवी जागा निवडण्यात आली. पीक निघालेलं शेत, झाड एकही नाही, पार नहराच्या पाण्यापर्यंत सपाट. प्लॉटचे दगड अजून पडायचे होते. गेट मात्र तयार होतं. ओमप्रकाशजींचा नियम आहे, की आधी गेट, मग बाकीचं. दोन उंच खांब, वर कमान, कमानीवर सोनेरी अक्षरं, दोन्ही खांबांवर सिमेंटचे सिंह. आणि कुलूप.

आमची मिनीबस सकाळी गेटपाशी पोचली तेव्हा कुलूप लावलेलं होतं आणि चावी चौकीदाराजवळ होती. चौकीदार मौद्याला नाश्त्याला गेला होता. गेटच्या दोन्ही बाजूंना भिंत नव्हती. तार नव्हती. काहीच नव्हतं. पण गेट असताना बाजूने जाणं बरं दिसत नाही. सर्व सभासद स्वेटर घालून (तालीम होती) मे महिन्याच्या उन्हात गेटसमोर रांगेत उभे राहिले. मी या वेळेची नोंद ‘सीमेवरील तपासणी’ या मथळ्याखाली केली आहे. वहिनींनी एकदा गेटकडे पाहिलं, एकदा गेटच्या बाजूला पाहिलं, आणि मग सावलीसाठी बसमध्ये जाऊन बसल्या.

घोड्याची व्यवस्था अध्यक्षांनी जातीने केली होती. घोडी होती. नाव बिजली, मालक दुर्गेश, धंदा लग्नाच्या वरातींचा. त्या दिवशी मुहूर्त नसल्यामुळे घोडी मोकळी होती. कपाळावर गोंडे, अंगावर आरशांची झूल, गळ्यात घुंगरं. दुर्गेशने तिला टेम्पोतून उतरवली. आम्ही तिघांनी आणि एका स्टुलाने वहिनींना तिच्यावर बसवलं. गुडघा दुमडताना त्यांनी ओठ दाबून धरले, पण बसल्या. बसल्यावर त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. वहिनींना असं बसलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. मला वाटतं श्रीधररावांनीही नाही.

घोडी जागची हलली नाही. टाच मारली, लगाम ढिला केला, चुचकारलं, काही उपयोग नाही. दुर्गेशने अदबीने खुलासा केला. “बँड नसला तं ते हलत नाही जी. लग्नाची सवय हाय तिले.”

समितीत विचारविनिमय झाला. ओमप्रकाशजींनी आपल्या मोबाइलवर बँड लावून तो बिजलीच्या कानाशी धरला. लगेच तिने चार पावलं टाकली आणि थांबली. दुर्गेश म्हणाला, की आता पुढे कुणी नाचल्याशिवाय ती निघत नाही. ठराव करायला वेळ नव्हता. अध्यक्षांच्या तोंडी आदेशावरून उपाध्यक्ष आणि सचिव घोडीपुढे नाचले. (माझ्या डोक्यावर कानटोपी होती. नोंद एवढ्यासाठी, की पुढे प्रसारित झालेल्या चित्रफितीत तो मीच आहे असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.) असं थांबत, नाचत बिजली गेटपर्यंत आली आणि तिथे खांबासारखी उभी राहिली. गेट म्हणजे मंगल कार्यालय, हे तिला पक्कं ठाऊक. तिथे नवरदेवाला ओवाळतात. शेवटी देवकीताईंनी डब्याच्या झाकणात काडेपेटीची काडी पेटवून अरुंधतीवहिनींना ओवाळलं. घोडीचं समाधान झालं. पण ती आत जायला तयार होईना, कारण घोडी मंगल कार्यालयाच्या आत कधी जातच नाही. शिवाय कुलूप होतंच.

आता इतिवृत्तातला वादग्रस्त भाग येतो. वहिनींनी देवकीताईंना सांगून घोडीची घुंगरं सोडवली. झूल काढायला लावली. मग बिजलीच्या मानेवर हात ठेवून तिच्या कानाशी काही बोलल्या. काय ते कळलं नाही. ओमप्रकाशजींचा बँड चालूच होता. वहिनींनी लगाम डावीकडे ओढला, घोडीचं तोंड गेटवरून वळवलं आणि चांगली टाच मारली.

बिजली गेटच्या बाजूने आत गेली.

आधी चालली, मग दुडकी, मग ती जी सुटली ती थेट नहराच्या दिशेने. दुर्गेश म्हणाला, की त्याने तिला आजवर पळताना पाहिलं नव्हतं. तिला पळता येतं हेच त्याला माहीत नव्हतं. वहिनींच्या साडीचा पदर कमरेला खोचलेला होता, केस सुटले होते. धुळीत त्या लहान लहान होत गेल्या. आम्ही गेटच्या अलीकडे उभे होतो. बाजूने कुणीच गेलं नाही. चावी यायची होती.

नहराच्या बांधावरून त्या वळल्या आणि परत आल्या. उतरताना गुडघ्याने दगा दिला, देवकीताईंनी सावरलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. दुखण्याने की आनंदाने, हे विचारण्याची तरतूद तालमीत नव्हती. त्या श्रीधररावांना म्हणाल्या, “झाली ना तालीम? आता जाऊ या. खरंच जाऊ या हो.”

श्रीधररावांनीही हसून त्यांच्याकडे पाहिलं. “अगं, आता कशाला? घोडा झाला, मोकळी जागा झाली. तुझं तर झालंच की सगळं.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. याची नोंद ‘संमती’ अशी घेण्यात आली.

त्यानंतर चौकीदार चावी घेऊन आला. गेट उघडलं, सर्व सभासद रीतसर आत गेले, पाटवडी-रस्सा झाला, फोटो झाले, आणि मुख्य सहलीचे सर्व उद्देश तालमीतच सफल झाल्यामुळे मुख्य सहल तूर्तास (हा शब्द माझा) पुढे ढकलण्यात येत आहे, असा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. पुढच्या रविवारी समाजमंदिरात अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. परदेश प्रवास न करता तो सुखरूप पूर्ण केल्याबद्दल वक्त्यांनी त्यांचं कौतुक केलं. स्थानिक पेपरात फोटो आला. फोटोत वहिनी कडेला आहेत, अर्ध्या कापल्या गेल्या आहेत.

जूनच्या सुरुवातीला मी अध्यक्षांकडे अहवालाचा मसुदा घेऊन गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर दिवाळीच्या माळा, जुन्या गादीच्या खोळी, पडदे आणि गार्गीच्या लहानपणीचे स्वेटर पसरलेले होते. हे सगळं एरवी कपाटावरच्या मोठ्या सुटकेसमध्ये असतं. सुटकेस खाली जमिनीवर होती आणि उघडी होती. श्रीधररावांनी माझ्यासमोर विचारलं, की हा पसारा कसला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “मी गुरुवारी जाऊन राहिली. गार्गीने तिकिटं काढलीत.”

श्रीधररावांनी मसुद्यातून डोकं वर काढलं. “बरं. पुढच्या बैठकीत घेऊ हा विषय.”

पुढची बैठक रविवारी होती. विषय प्रलंबित असल्यामुळे गुरुवारपर्यंत त्यावर कुणालाही काहीच करता आलं नाही. बुधवारी वहिनी माझ्या घरी आल्या आणि झेरॉक्स काढायची आहे म्हणून तीन पासपोर्ट मागून नेले. झेरॉक्स हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या माणसाला कारण विचारायचं सुचत नाही. तीन पासपोर्ट म्हणजे त्यांचा, श्रीधररावांचा आणि देवकीताईंचा.

देवकीताईंचं कसं ठरलं, हे ओमप्रकाशजींनी मला नंतर सांगितलं. बायको सकाळी भाजणी बांधायला बसली तेव्हा त्यांना वाटलं, पुन्हा तालीम आहे. विचारलं तेव्हा देवकीताई म्हणाल्या, “मले नाही समजत तो देश गिश. पण अरुंधतीताई एकटी जाऊन राहिली, तं तिच्या गुडघ्याले तेल कोण लावन?” या प्रश्नाचं उत्तर समितीच्या कुठल्याच विभागाकडे नव्हतं, हे ओमप्रकाशजींनीही मान्य केलं.

विमानतळावर सोडायला श्रीधररावच गेले. गाडी चालवणं समितीच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे त्याला ठराव लागला नाही. मी मागच्या सीटवर होतो. प्रवेशद्वाराशी जवान तिकीट पाहून एकेकाला आत सोडत होता. देवकीताई पुढे झाल्या. वहिनींनी पर्समधून एक पासपोर्ट आणि एक तिकीट काढून नवऱ्यापुढे धरलं. “तुमचंही काढलं आहे. चला. कपडे मी घेतलेत तुमचे.”

श्रीधररावांनी तिकीट हातात घेतलं. नाव, तारीख, वेळ काळजीपूर्वक तपासली. चूक एकही नव्हती. ते दरवाजाकडे पाहत राहिले. दरवाजा उघडा होता, जवान वाट बघत होता, मागचे लोक बाजूने ट्रॉल्या काढून पुढे जात होते. मला वाटतं श्रीधररावांचा एक पाय उचलला गेला होता. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अहवाल बाकी आहे ना.”

मी खरं ते सांगितलं. बाकी होता.

वहिनींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पासपोर्ट त्यांच्या शर्टाच्या खिशात नीट ठेवला, खिशावर हात थोपटला आणि लंगडत आत गेल्या.

रविवारच्या बैठकीत त्यांच्या जाण्याची नोंद ‘विनापरवानगी प्रवास’ अशी झाली. अंतर्गत अनुमती नसल्यामुळे तो देश पाहिलेला ग्राह्य धरता येणार नाही, असंही ठरलं. नंतर समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनींचा एक फोटो आला. सोबत मजकूर नाही.

फोटोत काही नव्हतं. खाली गवत, वर आभाळ, दोन्हींच्या मध्ये एक रेघ. एका कोपऱ्यात घोड्याचे दोन कान होते, म्हणजे तो घोड्यावरून काढला असावा. ओमप्रकाशजींनी मोबाइल आडवा धरला, उभा धरला आणि अप्रोच रोड कोणत्या बाजूने आहे ते विचारलं. एका सभासदाने शंका घेतली, की ठिकाणाचा फलक दिसत नसल्यामुळे हा फोटो कुठलाही असू शकतो. मी ती शंका नोंदवली. श्रीधररावांनी फोटो बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. गवत तेवढं मोठं झालं. बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, सगळे गेले, तरी ते तसेच बसून होते. पासपोर्ट अजून शर्टाच्या खिशातच होता. सुरक्षिततेसाठी तो मी परत मागितला आणि त्यांनी दिला. मग मला हळूच विचारलं, “सचिव, यात आत जायचं कुठून हो?”

मी म्हणालो, अभ्यास करावा लागेल.

वहिनी परतल्या. पोळ्यानंतर ऑपरेशन झालं. आता त्या वॉकर घेऊन बैठकीच्या खोलीतल्या खिडकीपर्यंत जातात, समोरच्या भिंतीकडे बघतात आणि कधीकधी कारण नसताना हसतात. डॉक्टरांच्या मते प्रगती चांगली आहे. समितीने मंगोलिया हाती घेतला असून तिथे वस्ती आणखी विरळ असल्याने कागदही मोठा आणला आहे.

समितीचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे. नागपूरचं असायला हवं, अशी अट नाही. पात्रता ठरवायची रीत सोपी आहे. तुमच्या घरातली सगळ्यांत मोठी सुटकेस खाली काढा आणि आत काय आहे ते पाहा. जुने पडदे, गाद्यांच्या खोळी, दिवाळीच्या माळा निघाल्या, तर तुमचं नाव आमच्याकडे आधीच लागलेलं आहे. आणि ‘आत्ता कुठे काढता, सवडीने पाहू’ असं हे वाचताना मनात आलं असेल, तर कृपया रविवारच्या बैठकीला यावं. श्रीधररावांना अलीकडे बैठकीत लक्ष लागत नाही आणि समितीला नवा अध्यक्ष हवा आहे.